प्राचीन दगडांच्या मैलोगणती सरळ रेषा : मुद्दाम आखलेल्या की योगायोग?

भटकभवानी
नमस्कार मंडळी. सध्या मुक्काम ब्रिस्टलला, त्यामुळे स्टोनहेंज, एव्हबरी, ग्लास्टनबरी सगळं एका दिवसात जाऊन येण्यासारखं. परवा एव्हबरीला, म्हणजे प्राचीन उभ्या दगडांच्या मोठ्या वर्तुळात, गेलो होतो. स्टोनहेंजसारखं दोरीपलीकडून बघायचं नाही, दगडांना हात लावता येतो, मेंढ्या चरत असतात, वर्तुळाच्या मधून चक्क डांबरी रस्ता जातो आणि आत पब पण आहे. तिथे एक घोळका हातात तांब्याच्या वाकवलेल्या काड्या धरून फिरत होता (डाऊझिंग म्हणतात याला, काड्या हलल्या की जमिनीतली ऊर्जा कळते म्हणे). त्यातल्या एका आजींनी मला नकाशा उघडून दाखवला: खाली कॉर्नवॉलचा सेंट मायकल्स माउंट, मग बरो मम्प, ग्लास्टनबरी टॉर, एव्हबरी, पुढे बरी सेंट एडमंड्स आणि शेवटी पूर्व किनाऱ्यावर हॉप्टन. साडेपाचशे किलोमीटरच्या वर लांबी आणि एका रेषेत! वर ही रेषा म्हणे १ मेच्या सूर्योदयाच्या दिशेने जाते.

नवरा म्हणतो थापा आहेत. मला थापा वाटत नाहीत पण पटतही नाही. चाकसुद्धा नसलेल्या लोकांनी एवढी लांब रेषा मुद्दाम आखली असेल का? की आपणच नकाशावर पट्टी ठेवून खूश होतो? कुणी यावर वाचलंय का?

पेठेतला_पाहुणा
आधी पुण्यात एक रस्ता सरळ दाखवा, मग इंग्लंडचं बघू.

हसरा_गोगलगाय
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अंतर्नादकाका यायचेत अजून.

जुनाट
चांगला विषय काढलात. थोडा इतिहास टाकतो म्हणजे चर्चा उडत्या तबकड्यांवर जायच्या आत रुळावर येईल (जाणारच आहे म्हणा).

या सगळ्याचा मूळपुरुष आल्फ्रेड वॉटकिन्स. हेरेफर्डचा माणूस, कुटुंबाचा पिठाची गिरणी आणि बिअर बनवायचा धंदा, त्यामुळे गावोगाव फिरणं व्हायचं. शिवाय फोटोग्राफीतला दर्दी, एक्स्पोजर मोजायचं छोटं यंत्र बनवून विकायचा. ३० जून १९२१ ला ब्लॅकवर्डाइन नावाच्या जागी नकाशा बघताना त्याला एकदम दिसलं की जुने टेकाडवजा थडगे, उभे दगड, टेकड्यांची टोकं, जुनी चर्चेस, ओढ्यातले उतार हे सगळं सरळ रेषांवर बसतंय. तेव्हा त्याचं वय पासष्टच्या पुढे. पुढच्याच वर्षी छोटं पुस्तक काढलं, १९२५ ला मोठं.

आता महत्त्वाचं. वॉटकिन्स ऊर्जाबिर्जा काही म्हणत नव्हता. त्याचं म्हणणं अगदी व्यापारी माणसाचं होतं: हे जुने वाटसरूंचे मार्ग, मीठ-गारगोटी वाहून नेणाऱ्यांचे, आणि वाटेत लांबून दिसाव्यात अशा खुणा. बस. तरी पुरातत्त्ववाले चिडले. 'अँटिक्विटी' नावाचं नियतकालिक १९२७ ला निघालं, त्याचा संपादक क्रॉफर्ड, त्याने वॉटकिन्सच्या पुस्तकाची पैसे देऊन दिलेली जाहिरातसुद्धा छापायला नकार दिला. हे मात्र मला पटत नाही, जाहिरातच ती.

ऊर्जा आली साठच्या दशकात. आधी १९६१ ला टोनी वेड म्हणून एका माजी हवाईदलवाल्याने तबकड्या या रेषांवरून उडतात असं काढलं, मग १९६९ ला जॉन मिशेलने सगळा मसाला एकत्र केला. तुमच्या आजींची सेंट मायकल लाईन ही मिशेलचीच. म्हणजे रेषा पाच हजार वर्षांची आहे की साठेक वर्षांची हा पहिला प्रश्न :)

अंतर्नाद
आलो. गोगलगाय, तुमच्यासाठीच आलो.

जुनाट, तुमची माहिती चांगली असते पण सूर नेहमी एकच, पूर्वजांना काही येत नव्हतं हा. स्टोनहेंजचे निळे दगड वेल्समधून आणलेत, सव्वादोनशे किलोमीटर. मधली आडवी शिळा तर स्कॉटलंडच्या पार ईशान्येकडची निघाली, २०२४ ला सिद्ध झालं, साडेसातशे किलोमीटर. सहा टनांची शिळा! ज्यांना हे जमत होतं त्यांना एक रेषा आखता येत नव्हती? आणि सगळं जग मूर्ख, काड्या घेऊन फिरणारे मूर्ख, फक्त डिग्रीवाले शहाणे?

जुनाट
काका, येत नव्हतं असं मी कुठे म्हटलं ते दाखवा. जमत असणं आणि केलेलं असणं यात फरक आहे. मला पोहता येतं म्हणून मी इंग्लिश खाडी पोहून गेलो असं होत नाही.

सांख्यिकीवाली
मी पोटापाण्यासाठी हेच करते म्हणून राहवत नाही. कुणीतरी आकडे मांडायला हवेत. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

समजा ५० बाय ५० किलोमीटरचा नकाशा. त्यावर दीडशे ठिपके, कुठेही, डोळे मिटून टाकलेले. कुठलेही दोन ठिपके घेतले की रेषा होते, अशा जोड्या होतात ११,१७५. दोन ठिपक्यांमधलं सरासरी अंतर येतं साधारण २६ किलोमीटर. आता रेषेला जाडी किती? वॉटकिन्स एक इंचाला एक मैल या मापाचे नकाशे वापरायचा. त्या नकाशावर पेन्सिलची एक मिलिमीटर रेघ म्हणजे जमिनीवर ६३ मीटर. आपण सढळ हाताने १०० मीटर धरू, कारण टेकाड स्वतःच तीस-चाळीस मीटरचं असतं आणि त्याच्या कडेला रेघ लागली तरी लोक मोजतात.

म्हणजे प्रत्येक जोडीमध्ये २.६ चौरस किलोमीटरची पट्टी. त्यात तिसरा ठिपका असण्याची शक्यता सुमारे १५ टक्के. ११,१७५ जोड्या आहेत, त्यामुळे तीन ठिपके एका रेषेत अशा साधारण १७०० रेषा आपोआप. चार ठिपक्यांच्या दीडशेच्या वर. पाच ठिपक्यांच्याही दहा-बारा. कुणीही काहीही मुद्दाम न करता.

आणि इंग्लंडच्या नकाशाच्या तेवढ्या तुकड्यावर जुन्या जागा दीडशे नसतात, कितीतरी जास्त असतात, त्यात चर्च पण चालतं, तळं पण चालतं, चौरस्ता पण चालतो. विल्यमसन आणि बेलामी या दोघांनी १९८३ मध्ये अख्खं पुस्तक याच मुद्द्यावर लिहिलंय. त्याआधी १९८० च्या सुमाराला केंडल, ब्रॉडबेंट वगैरे खऱ्या संख्याशास्त्रज्ञांनी कॉर्नवॉलच्या टोकावरचे ५२ उभे दगड घेऊन तपासलं. ५२ दगडांचे त्रिकूट होतात २२,१००. योगायोगाने जेवढी त्रिकुटं सरळ यायला हवीत त्याहून डोळ्यात भरावं असं काही निघालं नाही. पण त्यातून केंडलने आकारांच्या गणिताची एक नवीन शाखा उभी केली, जी आज हाडांच्या आणि कवट्यांच्या मापनातही वापरतात. निदान गणिताचा तरी फायदा झाला.

थोडक्यात, रेषा सापडली हे आश्चर्य नाही. न सापडती तर मला आश्चर्य वाटलं असतं.

हसरा_गोगलगाय
यावर एक भारी किस्सा. इंग्लंडात वूलवर्थ्स म्हणून दुकानांची साखळी होती, दिवाळं निघालं. मॅट पार्कर या गणितवाल्याने २०१० मध्ये त्यांच्या ८०० बंद दुकानांचे पत्ते घेतले आणि दाखवलं की बर्मिंगहॅमच्या आसपासची तीन दुकानं अचूक समभुज त्रिकोण करतात, आणि त्याचा पाया वाढवला की दोन्ही बाजूंना आणखी दुकानं रेषेत येतात, १७३ मैलांची रेषा. कारण त्याच वेळी कुणीतरी दावा केला होता की पाषाणयुगीन लोकांनी १५०० जागांचे त्रिकोण मांडून रस्ता शोधायची व्यवस्था केली होती. पार्कर म्हणाला मग स्वस्तातल्या स्वयंपाकघराच्या वस्तू आणि सीडी विकणाऱ्यांचीही तशी व्यवस्था असणार.

पेठेतला_पाहुणा
वूलवर्थ्सवर डाऊझिंग केलं का कुणी?

रानवाटा
सांख्यिकीवाली, गणित मान्य, पण थोडं थांबा. तुम्ही लोक आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळ पण फेकताय. मी हौशी आहे, पुरातत्त्वात पदवी नाही, पण वाचन आहे.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे एकाच जागेची दिशा. यात मुद्दामपणा शंभर टक्के आहे. आयर्लंडचं न्यूग्रेंज हे टेकाडवजा थडगं घ्या, इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं. दारावर एक वेगळा झरोका आहे, २१ डिसेंबरच्या दरम्यान सूर्योदयाला किरण त्या झरोक्यातून १९ मीटर आत शेवटच्या खोलीपर्यंत जातो आणि सतराएक मिनिटं राहतो. तिथे उत्खनन करणाऱ्या ओकेली यांनी १९६७ साली आत उभं राहून ते बघितलं. इथे गणित मांडायची गरजच नाही, कारण झरोका दुसऱ्या कशाच्याच कामाचा नाही. स्टोनहेंजचा आसही तसाच, एका टोकाला उन्हाळ्यातला सूर्योदय, दुसऱ्या टोकाला हिवाळ्यातला सूर्यास्त.

दुसरी गोष्ट लांबच्या रेषा. त्यातही सगळ्या सारख्या नाहीत. डॉर्सेटमध्ये एक कर्सस आहे, म्हणजे शंभरेक मीटर अंतरावर दोन समांतर मातीचे बांध, १० किलोमीटर लांब, इ.स.पू. ३३०० च्या सुमाराचे. एका टेकाडावरच्या लांबट थडग्यामागे हिवाळ्यातला सूर्य मावळताना दिसावा असा तो बेतलाय. म्हणजे १० किलोमीटर मुद्दाम झालेत. गंमत म्हणजे तो नीट सरळ नाही. वळतो. खरोखर मुद्दाम बांधलेली वस्तू वाकडी आणि आपण पट्टीने मारलेली रेघ मात्र अचूक.

आणि अमेरिकेत चाको कॅन्यन. स्टीफन लेक्सन या पुरातत्त्वज्ञाने १९९९ ला मांडलं की प्युब्लो लोकांची तीन सत्ताकेंद्रं एकामागून एक एकाच रेखांशावर वसली. आधी चाको, मग तिथून ८५ किलोमीटर उत्तरेला अॅझ्टेक नावाची जागा, मग चाकोपासून ६३० किलोमीटर दक्षिणेला मेक्सिकोतलं पाकिमे. तीन-चार किलोमीटर इकडेतिकडे. आता हे उडवून लावणं सोपं नाही, कारण चाकोहून उत्तरेला जाणारा ५० किलोमीटरचा जुना रस्ता प्रत्यक्ष जमिनीवर आहे, त्यांच्या मुख्य इमारतीची भिंतही उत्तर-दक्षिण. म्हणजे त्या लोकांना उत्तरेचं वेड होतं याचा स्वतंत्र पुरावा आहे. तरीसुद्धा त्याच्या क्षेत्रातले बरेच लोक पाकिमेचा दुवा मानत नाहीत. मला तो पन्नास टक्के पटतो.

सांख्यिकीवाली
रानवाटा, यावर माझं काही भांडण नाही. रस्ता मिळाला की गणित घरी ठेवायचं.

अंतर्नाद
बघा, हळूहळू येताय लाईनवर. शब्दशः.

आणि पेरूमध्ये इंकांच्या कुस्कोपासून निघणाऱ्या रेषा? चाळीसच्या वर रेषा आणि त्यांवर सव्वातीनशेहून जास्त पवित्र जागा, हे स्पॅनिश पाद्र्याने लिहून ठेवलंय, मिशेलने नाही.

रानवाटा
हो, कोबोने १६५३ मध्ये. ३२८ जागा. पण प्रत्यक्ष शिवारात जाऊन त्या जागा शोधल्यावर काय दिसलं तर बऱ्याच रेषा नागमोडी निघाल्या. कुठली जागा कुठल्या कुळाने सांभाळायची याची ती वाटणी होती. लोकांच्या डोक्यात रेषा सरळ असते, जमिनीवर असायलाच हवी असं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
इंग्लंड-पेरू सगळं झालं, आमच्या नागपूरले येता का नाही बाप्पा? काटोल रोडवर जुनापाणी हाये, तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं, लोहयुगातली. काळ्या दगडांचे गोल, मधात मुरूम-मातीचा ढिगारा, खाली पुरलेलं. काही वर्तुळातल्या ठराविक दगडांवर वाटीसारखे खळगे कोरले हायेत, आन ते दगड वर्तुळात कोणत्याबी बाजूले नाही, ठराविक दिशांनाच. टीआयएफआर या मुंबईच्या विज्ञानसंस्थेतल्या मयंक वाहियांच्या चमूनं त्याच्यावर काम केलं हाये. म्हणजे रानवाटा म्हणते तसं, एका जाग्याची दिशा. पण जुनापाणी ते माहुरझरी ते टाकळघाट अशी रेघ मारा म्हटलं तर मी आत्ता मारून देतो, काहून का आमच्याकडे वर्तुळं इतकी हायेत का रेघ चुकवाची कशी हाच प्रश्न हाये.

दुसरं. लांब रेघ मारणं म्हणजे काय काम असते ते हिंगणघाटले येऊन पाहा. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानची मोजणी करणाऱ्या लॅम्ब्टनची कबर आहे तिथं. १८०२ ले मद्रासहून सुरू केलं, ७८ रेखांशाच्या बाजूनं उत्तरेकडे त्रिकोण जोडत चालला, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजाचं यंत्र, माणसं लावून टेकड्यांवर चढवाचा, १८२३ ले हिंगणघाटले गेला आन काम पुढं एव्हरेस्टनं नेलं. झेंडे, मनोरे, रात्रीचे दिवे, जंगलं तोडली, ताप येऊन माणसं मेली. आन मागं काय राह्यलं? मनोरे राह्यले, खुणेचे दगड राह्यले, वह्या राह्यल्या. साडेपाचशे किलोमीटरची रेघ मुद्दाम मारली तर मधात कुठं ना कुठं तिचा कचरा सापडाले पायजे ना भाऊ.

जुनाट
कचऱ्याचा मुद्दा एक नंबर. रोमनांचा फॉस वे बघा, इल्चेस्टर ते लिंकन २९० किलोमीटर, सरळ रेषेपासून १० किलोमीटरच्या बाहेर कुठेही जात नाही. इतकं सरळ त्यांनी केलं, पण रस्ताच आहे तो, खणला की दगड लागतात.

(तोच थिओडोलाइट तंजावरला देवळावर चढवताना दोर तुटून आपटला होता. लॅम्ब्टनने तंबूत बसून स्वतः दुरुस्त केला. वेगळा धागा काढा कुणीतरी.)

अंतर्नाद
७८ रेखांश म्हणालात म्हणून. केदारनाथ ते रामेश्वरम, ७९ अंशावर आठ शिवमंदिरं एका सरळ रेषेत, पंचमहाभूतांची स्थळं त्यात. हा पण योगायोग? लॅम्ब्टनच्या आधी हजार वर्षं.

पेठेतला_पाहुणा
आला! फॉरवर्ड आला! मी घड्याळ लावून बसलो होतो.

सांख्यिकीवाली
काका, राग मानू नका, श्रद्धेवर बोलत नाहीये, फक्त नकाशावर. मी मागेच हे सगळे रेखांश काढून ठेवले होते, कारण सासरच्या ग्रुपवर दर शिवरात्रीला येतं.

केदारनाथ ७९.०७, कालेश्वरम ७९.९१, कालहस्ती ७९.७०, कांचीपुरम ७९.७०, तिरुवन्नामलै ७९.०७, चिदंबरम ७९.६९, तिरुवानैकावल ७८.७१, रामेश्वरम ७९.३२.

७८.७१ पासून ७९.९१ पर्यंत. तिकडच्या अक्षांशांवर हे जवळपास १३० किलोमीटर होतं. ही रेघ नाही, पट्टा आहे, त्यात मुंबई ते लोणावळा आरामात बसून उरतं. आणि तामिळनाडूत शिवमंदिरं किती? एवढ्या रुंद पट्ट्यात आठ निवडायची तर मला आठशे देता येतील. कालहस्ती, कांची आणि चिदंबरम या तिघांचे रेखांश मात्र खरंच सुंदर जुळतात, ते मान्य.

टिंगू
मला आता चळ लागलाय. गुगल मॅप उघडून ज्योतिर्लिंगं बघत बसलो. त्र्यंबकेश्वर ७३.५३१. भीमाशंकर ७३.५३६. उत्तर-दक्षिण ९५ किलोमीटर अंतर आणि पूर्व-पश्चिम फरक अर्ध्या किलोमीटरच्या आसपास!!! कुणी तपासून सांगा मी बरोबर बघतोय का.

अंतर्नाद
🙏 हर हर महादेव.

हसरा_गोगलगाय
टिंगू काय केलंस हे. उद्या सकाळी आईकडून मला हे परत येणार, खाली "नासा पण चकित" लिहून.

सांख्यिकीवाली
बरोबर बघतोयस, मी पण तपासलं. आणि हो, ७९ अंशवाल्यापेक्षा कितीतरी पट नेमकं आहे हे. पण बारा ज्योतिर्लिंगांच्या जोड्या होतात ६६. रेखांश जुळले म्हणून आपण ओरडलो, अक्षांश जुळले असते तरी ओरडलो असतो, तिसरं मधोमध आलं असतं तरी, काटकोन झाला असता तरी. ओरडायची कारणं आधी मोजायला हवीत, मग शक्यता काढायची.

घाटमाथा
इतका वेळ नुसता वाचत होतो, आता बोलतो, कारण तुम्ही सगळे दोनच पर्यायांत अडकलाय. मुद्दाम की योगायोग. तिसरा समोर उभा आहे, सह्याद्री.

त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर गोदावरी उगवते. भीमाशंकरला भीमा उगवते. दोन्ही देवळं नदीच्या उगमाशी आहेत म्हणून तिथे आहेत. पूर्ववाहिनी नद्यांचे उगम घाटमाथ्यावरच असणार. आणि घाटमाथा जातो कसा? उत्तर-दक्षिण. मग उगमाची देवळं उत्तर-दक्षिण रेषेत येणार नाहीत तर काय पूर्व-पश्चिम येणार? अर्धा किलोमीटर इतकं नेमकं येणं हा योगायोग, पण दिशा योगायोग नाही आणि कुणी दोरी धरलेली पण नाही. कृष्णेचं महाबळेश्वर बघा, ते पण त्याच कडेला, ७३.६७ च्या आसपास.

मी ट्रेकर माणूस आहे, पुस्तकं कमी वाचतो. पण नकाशावर रेषा दिसली की मी आधी ती काढून टाकतो आणि खाली डोंगर बघतो.

रानवाटा
घाटमाथा, क्या बात! आणि हे थेट धाग्याच्या मूळ प्रश्नाला लागू होतं. दक्षिण इंग्लंडमध्ये खडूच्या दगडाची धार आहे, विल्टशरपासून ईशान्येला पार ईस्ट अँग्लियापर्यंत जाते. तिच्यावरून रिजवे आणि इकनील्ड वे या जुन्या वाटा जातात, कारण खाली चिखल आणि वर कोरडं. एव्हबरी त्या धारेच्या एका टोकाला. म्हणजे एव्हबरीपासून पुढची सेंट मायकल लाईन ज्या दिशेने जाते ती जमिनीचीच दिशा आहे. लोक कोरड्या जागी राहणार, कोरड्या जागी पुरणार.

कोकणकडा
आमची कातळशिल्पं पण तशीच. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, सगळी जांभ्याच्या सड्यावर, आणि सडा किनाऱ्याला समांतर. रेघ मारणाऱ्याला आयतीच मिळते. कशेळीचा हत्ती बघितला नसेल तर जा, अठरा मीटरचा आहे, त्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत. रेघाबिघा विसराल.

अवांतर: दगडांच्या दिशा मोजायचं शास्त्र ज्याने सुरू केलं तो नॉर्मन लॉकियर आमच्या विजयदुर्गावर येऊन गेलाय. हेलियमचा शोध १८६८ साली तिथेच लागला. त्याचे कट्टे अजून आहेत किल्ल्यात.

जुनाट
कोकणकडा, कट्टे खरे, साल चुकीचं. लॉकियर विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. १८६८ च्या ग्रहणाला जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ होता, तो गुंटूरला, आणि लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडात बसून सूर्यप्रकाशातली ती हेलियमची पिवळी रेषा बघितली. विजयदुर्गाचं महत्त्व याने कमी होत नाही.

पण लॉकियर काढलात ते फार बरं केलंत. 'नेचर' मासिक काढणारा माणूस, खुळचट नाही. १९०१ ला त्याने स्टोनहेंजच्या आसाचा आणि सूर्योदयाच्या जागेचा फरक मोजून इ.स.पू. १६८० असं साल काढलं. मोठे दगड उभे राहिले ते इ.स.पू. २५०० च्या सुमाराला, म्हणजे आठशे वर्षांनी चुकला, पण पद्धत विचार करण्याजोगी होती. मग त्याच माणसाने काय केलं? स्टोनहेंज, ओल्ड सॅरम आणि ग्रोव्हली कॅसल यांचा सहा-सहा मैलांचा समभुज त्रिकोण मांडला, आणि स्टोनहेंज-ओल्ड सॅरम रेषा पुढे वाढवून सॉल्सबरी कॅथेड्रलला नेली. ओल्ड सॅरम लोहयुगातला किल्ला. कॅथेड्रलची पायाभरणी १२२० ची. स्टोनहेंज आणि कॅथेड्रलच्या मधे पावणेचार हजार वर्षं! एवढा हुशार माणूस पट्टी हातात आल्यावर कसा घसरतो बघा.

कोकणकडा
आमच्याकडे दरवर्षी हेलियम दिन साजरा होतो हो. तुम्ही येऊन सांगा तिथे.

जुनाट
नको, मासे चांगले मिळतात तिकडे, संबंध बिघडवायचे नाहीत.

भटकभवानी
बापरे, दोन दिवस कामात होते तर केवढं झालं! सगळ्यांचे आभार. नवऱ्याला सांख्यिकीवालीची पोस्ट वाचून दाखवली, तो आता घरभर उड्या मारतोय, तेवढं सोडलं तर बरं चाललंय.

पण मला थेट उत्तर द्या ना. सेंट मायकल लाईन, मुद्दाम की नाही? आणि १ मेचा सूर्योदय?

रानवाटा
माझं मत: रेषा म्हणून नाही. जागा बघा ना. एव्हबरी इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातलं. ग्लास्टनबरी टॉरवरचा मनोरा मध्ययुगीन चर्चचा. बरी सेंट एडमंड्स म्हणजे मठ, तोही मध्ययुगीन. हे सगळे मिळून एक काम करत होते असं म्हणायला चार हजार वर्षं कुणीतरी आराखडा सांभाळलेला हवा. बरं, मायकल हा देवदूत उंचावरचा. टेकडीवर चर्च बांधलं की त्याचं नाव द्यायची पद्धतच होती, म्हणून टेकड्या निवडल्या की मायकल आपोआप येतो.

१ मेचा सूर्योदय तिकडे पूर्वेपासून पंचवीस-सव्वीस अंश उत्तरेला होतो, रेषाही साधारण तशीच जाते, हे खरं. पण वर्षाचे खास दिवस किती निघतील, उदय आणि अस्त धरून?

सांख्यिकीवाली
आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही. "सरळ" म्हणजे कुठली सरळ? पृथ्वी गोल आहे. माउंटपासून हॉप्टनपर्यंत सपाट छापील नकाशावर पट्टीने मारलेली रेघ आणि गोलावरची सर्वांत जवळची वाट या एक नाहीत. मर्केटर नकाशा घेतला तर मध्यावर दोन्हींत सहा-सात किलोमीटरचा फरक पडतो. एव्हबरीचं अख्खं वर्तुळ साडेतीनशे मीटरचं. म्हणजे कुठली रेघ धरायची हे ठरल्याशिवाय एव्हबरी तिच्यावर आहे की नाही हेच सांगता येत नाही.

अंतर्नाद
तुम्ही सगळं मोजून मोजून मारून टाकता. मी एव्हबरीला गेलोय, मुलगा लंडनला असतो. दगडाला पाठ टेकून बसलो होतो तासभर. काय वाटलं ते मोजायचं यंत्र दाखवा मग बोलू.

भटकभवानी
काका, ते मलाही वाटलं हो, खोटं नाही सांगत. रेषा नसली तरी वाटतंच.

टिंगू
मी म्हणतो आपणच प्रयोग करू. महाराष्ट्रातले किल्ले घेऊ, साडेतीनशेच्या वर आहेत म्हणतात. सांख्यिकीवाली प्रोग्रॅम लिहील. बघू किती किल्ले एका रेषेत येतात, आणि तेवढेच ठिपके उधळले तर किती. घाटमाथा म्हणतो तसा डोंगराचा भाग पण कळेल.

सांख्यिकीवाली
लिहिते, पण यादी आधी पक्की करा. रेघा बघून झाल्यावर कुणी "हा पण किल्लाच आहे" म्हणायचं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
गढ्या धरा लागते. नाहीतर विदर्भ रिकामाच दिसन.

घाटमाथा
गढी म्हणजे किल्ला नव्हे. गिरिदुर्ग घ्या फक्त.

कोकणकडा
आणि जलदुर्ग काय पाण्यात सोडायचे? सिंधुदुर्ग, जंजिरा, सुवर्णदुर्ग?

पेठेतला_पाहुणा
शनिवारवाडा धरणार नसाल तर मी यात नाही.

टिंगू
शनिवारवाडा किल्ला नाहीये.

पेठेतला_पाहुणा
तटबंदी आहे, बुरूज आहेत, दिल्ली दरवाज्याला हत्ती अडवायचे खिळे आहेत. अजून काय हवं? आणि नळदुर्ग भुईकोट म्हणून काढला तर धाराशिववाले इथे येऊन धागा पेटवतील, आधीच सांगून ठेवतो.